२३ पदार्थ सोडूनही त्रास का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८. तीन वर्षांपासून दुपारनंतर पोट फुगतं, आठवड्यातून दोन-तीनदा डोकं धरतं, सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात आणि थकवा तर कायमचाच. साध्या तपासण्या ‘नॉर्मल’ आल्या. एका डॉक्टरांनी मनाचं कारण सांगून परत पाठवलं. मग रक्ताची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ टेस्ट केली, आयजीजीची (ही एक अँटिबॉडी, म्हणजे बाहेरून आलेली वस्तू ओळखायला शरीर बनवतं ते प्रथिन). त्यात २३ पदार्थ लाल रंगात आले. दूध, गहू, अंडी, सोया, बदाम असं सगळं चार महिन्यांपूर्वी बंद केलं. पहिले तीन आठवडे छान गेले, मग त्रास परत आला. वजन मात्र पाच किलो उतरलं. आता विचारताय, अजून काय सोडू? आणि खबरदारी म्हणून चार वर्षांच्या मुलीचंही दूध दोन आठवड्यांपासून बंद केलंय, ते बरोबर ना?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. अजून काहीही सोडू नका. उलट सोडलेलं एकेक करून परत आणायचं आहे, क्रमानं आणि वेळ लिहून. पण ‘सगळं मनाचं आहे’ हे तुम्हाला जे ऐकावं लागलं, तेही मला मान्य नाही. मी बावीस वर्षं पोटविकारांच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. खाल्ल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होणारा त्रास मी रोज बघते. तो असतो. फक्त तो या टेस्टमध्ये सापडत नाही.

जे अन्न वारंवार पोटात जातं, त्यातल्या प्रथिनांविरुद्ध निरोगी माणसाच्या रक्तातही आयजीजी तयार होतं. त्यातला आयजीजी-४ हा उपप्रकार तर शरीरानं तो पदार्थ स्वीकारल्याची खूण मानला जातो. ॲलर्जी असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोच पदार्थ कणाकणानं देऊन सवय लावतात, तेव्हा त्यांच्या रक्तातलं आयजीजी-४ वाढत जातं आणि त्रास कमी होत जातो. म्हणूनच युरोपियन ॲकॅडमी ऑफ ॲलर्जी अँड क्लिनिकल इम्युनॉलॉजीनं २००८ मध्ये स्पष्ट सांगितलं की अन्नाची ॲलर्जी किंवा असहिष्णुता ओळखायला ही तपासणी वापरू नये. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांचंही मत तेच आहे. तुमचा रिपोर्ट पुन्हा उघडा आणि लाल यादी नीट वाचा. त्यात बहुतेक तेच पदार्थ असतील जे तुम्ही वर्षभर सगळ्यात जास्त खाल्ले. लाल रंग म्हणजे ‘हा पदार्थ ओळखीचा आहे’, एवढंच.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती रुग्णांना कोणी सांगत नाही. पोट फुगवणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी प्रथिनं नसतातच. दुधातलं लॅक्टोज ही साखर आहे. कांदा, लसूण आणि गहू यांतलं फ्रुक्टान ही साखरेच्या रेणूंची साखळी आहे. त्यांच्याविरुद्धची अँटिबॉडी या टेस्टमध्ये शोधलीच जात नाही. त्यांचा त्रास होतो तो वेगळ्याच वाटेनं: लहान आतड्यात ती पचत किंवा शोषली जात नाहीत, आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात पोचल्यावर जिवाणू त्यांना आंबवतात आणि गॅस होतो. आतडी हळवी असतील तर तेवढा ताणही दुखतो. म्हणजे तुम्हाला खरा त्रास कांद्या-लसणाचा असला, तरी रिपोर्टमध्ये कांदा हिरवा येऊ शकतो आणि बदाम लाल. तुम्ही बदाम सोडला असेल, कांदा चालू असेल.

मग पहिले तीन आठवडे बरं का वाटलं? ते बरं वाटणं खोटं नव्हतं. गहू गेला, त्याबरोबर फ्रुक्टानचा मोठा वाटा गेला. विकतचं तयार खाणं आपोआप बंद झालं. जेवणाच्या वेळा सुधारल्या असतील, कारण पथ्य पाळणारा माणूस जेवणाकडे लक्ष देतो. शिवाय माणूस टेस्ट करायला जातो तो त्रास कळसाला पोचलेला असताना, आणि अशा दुखण्याचा जोर चढल्यावर काही दिवसांनी तसाही उतरतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी रुग्णांना नेहमी सांगते. सीलियाक (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याचं नुकसान होण्याचा आजार) नसलेल्या, पण ‘ग्लुटेननं मला त्रास होतो’ असं सांगणाऱ्या आणि ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना तीन प्रकारचे मुसली बार आठवडा-आठवडा खायला दिले: एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. कोणता बार कोणता, हे त्यांना माहीत नव्हतं. सरासरीनं जास्त त्रास झाला तो फ्रुक्टानच्या आठवड्यात. ग्लुटेनच्या आठवड्यात आणि काहीच नसलेल्या आठवड्यात म्हणावा असा फरक नव्हता. यातल्या लोकांचा त्रास खरा होता, गव्हावरचा संशयही खरा होता. गव्हातला गुन्हेगार मात्र दुसरा निघाला.

‘उशिरा होणारी सेन्सिटिव्हिटी’ हा एक आजार नाही. ते चार-पाच निरनिराळ्या गोष्टींचं गाठोडं आहे, आणि ते उलगडायचं तर घड्याळ हाती घ्यावं लागतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं ही आयजीई नावाच्या अँटिबॉडीची ॲलर्जी. तुमच्या लक्षणांत ती नाही. लॅक्टोजचा त्रास अर्ध्या तासापासून काही तासांत कळतो. कांद्या-लसणातल्या फ्रुक्टानचा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. मधेच एक विलक्षण अपवाद आहे: गोचीड चावल्यामुळे काही जणांना सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या अल्फा-गॅल या साखरेची ॲलर्जी होते. ती आयजीईचीच, तरीही रात्री जेवल्यावर तीन ते सहा तासांनी, झोपेतून उठवते. तान्ह्या बाळांत आणखी एक प्रकार असतो. दूध, सोया किंवा तांदूळ पहिल्या काही वेळा दिल्यावर एक ते चार तासांत बाळ उलट्यांवर उलट्या करून मलूल पडतं, आणि रक्ताच्या तपासणीत आयजीई बहुधा सापडत नाही. सीलियाक आजार आणि अन्ननलिकेतला इओसिनोफिलिक दाह यांत तर नुकसान आठवडे-महिने चालू असतं आणि ते कुठल्या एका जेवणाशी जोडताच येत नाही.

रुग्ण काय खाल्लं आणि कधी त्रास झाला ते वहीत लिहून आणतात. वेळेचा हिशेब चुकण्याची दोन कारणं त्या वहीत सतत दिसतात. जेवण झाल्या झाल्या शौचास लागते, तेव्हा रुग्ण म्हणतो ‘आत्ताचं अन्न बाधलं’. पण जठरात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची नेहमीची रीत आहे. बाहेर पडतं ते कालचं किंवा परवाचं असतं. दुसरं कारण अर्धशिशीतलं. डोकं दुखायच्या आधी काही तास, कधी आदल्या दिवशीच, मेंदूत बदल सुरू झालेले असतात आणि त्यात चॉकलेटसारखं गोड खायची इच्छा होते. माणूस चॉकलेट खातो, मग डोकं दुखतं, दोष चॉकलेटला. कित्येकदा खाण्याची ती ओढच दुखण्याची सुरुवात असते.

एका गृहस्थांची वही मला अजून आठवते. पट्टीनं रेघा मारलेली, दूध-चहा सगळं मिलिलिटरमध्ये लिहिलेलं. संशय दुधावर. दोन आठवडे दूध पूर्ण बंद, तरी दुपारी तीन-साडेतीनला पोट तट्ट फुगायचं. वही उलटत आम्ही बोलत होतो, तेवढ्यात त्यांनी शर्टाच्या खिशातून शुगर-फ्री च्युइंगमची पट्टी काढली आणि एक तोंडात टाकलं. सिगारेट सोडल्यापासून दिवसाला दहा-बारा. वहीत एकही नोंद नाही. विचारलं, तर म्हणाले, ‘ते काय खाणं आहे का?’ त्यात सॉर्बिटॉल असतं, आणि दिवसभरात १० ग्रॅमच्या आसपास सॉर्बिटॉल गेलं तरी पुष्कळांचं पोट फुगतं. च्युइंगम थांबवल्यावर आठवड्यात पोट खाली बसलं. दूध त्यांनी त्याच महिन्यात परत सुरू केलं. म्हणून मी सांगते, वहीत तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा: गोळ्या, सिरप, पावडरी, चघळायच्या वस्तू, सगळं.

गोळ्यांवरून एक विचारते. डोकं धरल्यावर वेदनाशामक गोळी किती वेळा घेता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या पोटालाही लागतात. अशा वेळी आहारात कितीही उलथापालथ केली तरी हाती काही लागत नाही.

आता गव्हाबद्दल, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक तिथे झालीय, आणि ती तुमची नाही. गहू सोडण्याआधी सीलियाकची तपासणी व्हायला हवी होती. जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्याला जुलाब व्हायलाच हवेत असं नाही. हिमोग्लोबिन वर न येणं, तोंड येणं, हाडं ठिसूळ होणं, गर्भ न राहणं, नुसता थकवा, अशा कुठल्याही वेषात तो येतो. रक्तातली टीटीजी-आयजीए ही तपासणी, सोबत एकूण आयजीए, एवढ्यानं बहुतेक वेळा दिशा कळते. पण ती फक्त ग्लुटेन खात असतानाच भरवशाची असते. गहू बंद केला की काही महिन्यांत आकडे खाली येतात, आतडं भरून यायला लागतं आणि खरा आजार असला तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

एक तरुण बाई माझ्याकडे आल्या तेव्हा गहू सोडून सहा महिने झाले होते. हिमोग्लोबिन आठ, लोहाच्या गोळ्यांनी हलत नव्हतं. निदान करायचं तर परत गहू खायला हवा, हे सांगितल्यावर त्या माझ्यासमोर रडल्या. सोडताना जेवढं सोसलं तेवढंच आता परत सोसायचं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना मुरडे, तोंडात फोड. सहा आठवडे काढले. तपासणीत सीलियाक निघाला, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तो पक्का झाला. हे सहा आठवडे पहिल्याच दिवशी केलेल्या एका साध्या रक्ततपासणीनं वाचले असते. मला त्याची आजही चुटपुट लागते, म्हणून इतकं लांबण लावून लिहितेय.

तुमच्यासाठी वाट थोडी सोपी आहे. आधी डॉक्टरांना एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकांची तपासणी विचारा. ती गहू न खाताही करता येते. दोन्ही नसतील तर सीलियाक जवळजवळ नाहीच, तो विषय मिटला. असतील तर घाबरू नका, सर्वसाधारण लोकांतही ३० ते ४० टक्के जणांत ती असतात. अशा वेळी रोज दोन स्लाइस ब्रेडइतका गहू सहा ते आठ आठवडे खाऊन टीटीजी करायची. त्याच वेळी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. सकाळचे आखडलेले सांधे मोकळे व्हायला तासभर किंवा जास्त लागत असेल, तर तो आहाराचा प्रश्न समजू नका, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पाच किलो वजन कमी खाण्यानंच उतरलंय असं मी गृहीत धरत नाही, तुम्हीही धरू नका. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, घास अडकणं यांतलं काहीही असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

मग येतं खरं काम. पदार्थ सोडणं ही तपासणी आहे, उपचार नाही, आणि तपासणीचा निकाल तो पदार्थ परत खाल्ल्यावर लागतो. सीलियाक आणि गहू यांचं नातं सापडलं तेही असंच. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार पडली, ब्रेड दिसेनासा झाला, आणि ही आजारी मुलं त्या दुष्काळातही सुधारली. पुढे ब्रेड परत आला आणि मुलं परत आजारी पडली. नुसती मुलं सुधारण्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. ब्रेड परत आला तेव्हा चित्र पूर्ण झालं. डिकेंनी १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला.

तुम्ही चार महिने सोडण्यातच काढलेत, तेव्हा आता दुसरा अर्धा भाग करू. आधी एक आठवडा आहे तसंच खा आणि नुसतं लिहा: काय, किती, किती वाजता, आणि त्रास शून्य ते दहामध्ये किती, तोही वेळेसह. पाळीची तारीख आणि झोपेचे तासही लिहा, डोकेदुखीत त्यांचा हात अन्नापेक्षा मोठा असू शकतो. मग बदाम आणि अंडी परत आणा, कारण तुमच्या लक्षणांशी त्यांचा संबंध असण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीइतकं. मग तीन दिवस थांबा आणि तो पदार्थ बंद ठेवून वही बघा. त्रास नाही? मग तो पदार्थ कायमचा परत. एका वेळी एकच. घाई करून दोन एकदम आणले की पुन्हा गोंधळ.

सोया आणि दूध त्यानंतर. दुधात एकदम ‘होय’ किंवा ‘नाही’ असं उत्तर शोधू नका. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक कप दूध, जेवणाबरोबर चालतं. दही आणि मुरलेलं चीज तर त्याहून सहज. किती चालतं हा आकडा तुमच्या वहीत यायला हवा. मग कांदा-लसूण दोन ते चार आठवडे बाजूला ठेवून परत आणून बघा. फॉडमॅप म्हणतात ती पद्धत हीच, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवलेली. तिच्यातही सोडण्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच आहे. लोक तिथेच वर्ष-वर्ष अडकून पडतात, ते त्या पद्धतीत कुठेच सांगितलेलं नाही. गहू सगळ्यात शेवटी, सीलियाकचा निकाल लागल्यावर.

शक्य असेल तर एक पदार्थ घरच्या कोणाला तरी दुसऱ्या पदार्थात बेमालूम मिसळून द्यायला सांगा. काही दिवस असेल, काही दिवस नसेल, आणि कोणत्या दिवशी काय ते तुम्हाला माहीत नसेल. ‘आता त्रास होणार’ या भीतीनं आतडी खरोखर आवळतात, खरोखर दुखतात. ती दुखणी खोटी नव्हेत. पण ती पदार्थामुळे झाली की भीतीमुळे, हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही.

हे सगळं घरी करायला हरकत नाही ते तुमच्यासारख्यांनी. ज्यांना पूर्वी कधी गांधी उठल्यात, घसा आवळलाय, दम लागलाय, ज्या बाळाला उलट्यांनी मलूल केलंय, त्यांनी तो पदार्थ दवाखान्यातच परत चाखायचा.

आणि ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एक. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोया यांचा अर्क थेट टोचल्यावर आयबीएसच्या (हळव्या आतड्याच्या दुखण्याच्या) बाराच्या बारा रुग्णांत त्या जागी सूज आली, निरोगी आठ जणांपैकी फक्त दोघांत. उंदरांवरच्या प्रयोगात त्यांना असंही दिसलं की पोटाचा संसर्ग चालू असताना पोटात गेलेलं अन्न शरीर शत्रू म्हणून लक्षात ठेवू शकतं. ही प्रतिक्रिया आतड्यापुरतीच होती, रक्तात तिचा माग नव्हता. हे काम अजून लहान आहे, त्यावरून रोजची तपासणी निघालेली नाही. पण तीन वर्षांपूर्वी, हे सगळं सुरू होण्याच्या आधी, तुम्हाला जुलाब-उलट्यांचा मोठा आजार झाला होता का, ते आठवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या डॉक्टरांना ते उपयोगी पडेल.

राहता राहिली तुमची मुलगी. तिला कधीच काही त्रास नव्हता, वाढ चांगली आहे, गांधी नाही, इसब नाही, असं तुम्हीच लिहिलंय. असहिष्णुतेचा रिपोर्ट आईकडून मुलीकडे जात नाही. लहान मुलांत तर पदार्थ विनाकारण बंद ठेवण्यात धोका असतो. विशेषतः इसब असलेल्या मुलांत बरेच दिवस तोडलेलं दूध परत देताना जोरदार ॲलर्जी उठल्याची उदाहरणं आहेत. शेंगदाण्याच्या बाबतीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला आणि निम्म्यांना टाळला, तेव्हा शेंगदाणा दिलेल्या गटात पाच वर्षांच्या वयाला ॲलर्जी खूपच कमी निघाली. तुमच्या मुलीचे दोनच आठवडे गेलेत आणि आधी ती रोज दूध पीत होती, त्यामुळे काळजीचं कारण नाही. तिला झोपताना कोमट दूध लागतं आणि हल्ली ती त्यासाठी रडते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आज रात्री द्या.